झाकलं कोंदण सव्वा लाखाचं

शिव शिव! ऐकावं ते नवलच. आमच्या वसईकडच्या बोळींजच्या एका नव्या सुनेनं आजेसासूबाईंची नथ फोडली. हरवली असती तर चार दिवस हळहळलो असतो. गहाण पडली असती तर घरच्या अडचणी म्हणून गप्प बसलो असतो. पण हिनं दिवसाढवळ्या, एसी दुकानात, सोनारानं पुढं केलेली कोल्ड कॉफी पीत फोडली! मोती सुटे केले, मधला लाल खडा काढला, हिरवा काढला आणि त्याचं म्हणे ‘ऑफिसला चालेल असं’ पेंडंट करून घेतलं. वर त्याचं रील. आधी नथ, मग टिचकी, मग पेंडंट. एका टिचकीत खानदानाचं नाक गेलं आणि खाली लोकांनी बदाम टाकले.

एकटीचं खूळ असतं तर म्हटलं असतं, शिकलेली आहे, चालायचंच. पण ही साथ आहे, बाय, साथ. गिरीजला एका आजींच्या मोत्यांच्या कुड्या उकलल्या. वाघोलीत चिंचपेटीच्या पेट्या सुट्या करून त्यांची ब्रेसलेटं झाली, एकेका नातीला एक. नंदाखालच्या एका घरात आजीच्या लग्नातल्या अंगठीचा खडा नातीच्या साखरपुड्याच्या अंगठीत गेला, आणि आजी ओटीवर बसून ‘का गं, माझी अंगठी चावत होती का?’ म्हणून विचारत राहिल्या. एव्हरशाईन सिटीत तर कुणी तन्मण्याच्या खोडाचं मोबाईलच्या कव्हरला... जाऊ दे. ते मी स्वतः पाहिलेलं नाही, म्हणून बोलत नाही. तुम्हाला म्हणून सांगितलं.

आता या पोरींना विचारावं तर उत्तर तयार. सोनं बघा कुठं गेलंय! ते मात्र खरं. 2025 साली सोन्यानं तोळ्यामागं लाखाची वेस ओलांडली आणि मध्यमवर्गाची लगीनघाई जागच्या जागी थंडावली. त्यातही दुकानातला तोळा म्हणजे दहा ग्रॅम. आमच्या आज्यांचा तोळा 11.66 ग्रॅमचा असायचा. म्हणजे भाव फुगला आणि तोळा मात्र डाएट करून बसला. अशा दिवसांत नवीन घ्यायचं कशातून? मग नजर जाते लॉकरकडे. तिथं आजेसासूबाईंचा ऐवज जुन्या मऊ कपड्यात गुंडाळून ठेवलेला. वर्षातून एकदा हवा खायला बाहेर येणार, एका लग्नात मिरवणार, परत आत. लॉकरचं भाडं आपण भरायचं आणि राहणार ते!

आणि घालायचं म्हटलं तरी घालणार कुठं? संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये बायकांच्या डब्यात पदरांचा तन्मणी घालून चढून दाखवा. एक पदर अंधेरीला उतरेल, दुसरा बोरिवलीला, आणि तुम्ही विरारला पोचाल त्या नुसत्या दोऱ्यावर. ठुशी घालून लॅपटॉपची बॅग लावली की ठुशीचे मणी मानेत रुततात. पोरींना हवं असतं ‘डेली वेअर’. म्हणजे जे घातलंय हे कुणाला कळणार नाही, पण विचारलंच तर ‘हे ना, आजीच्या नथीतलं आहे’ असं मान वेळावून सांगता येईल. दागिना छोटा, गोष्ट मोठी.

यावर आमच्याकडच्या हळदीकुंकवात काय गदारोळ झाला म्हणता! ‘परंपरा’ हा शब्द तिळगुळाइतक्या मुक्तहस्ते वाटला गेला. एका काकूंनी पदर तोंडाला लावला. दुसऱ्या म्हणाल्या, फोडलेल्या नथीचे मोती घरात राहत नाहीत. का राहत नाहीत ते कुणी विचारलं नाही, पण माना सगळ्यांनी डोलावल्या.

आता आपण वसईकरांनी नाक मुरडावं का, हा एक वेगळाच प्रश्न. आपल्या गावात हा धंदा जुना आहे. 1739 साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि चर्चच्या घंटा खाली उतरवल्या. त्यांतल्या काही गेल्या भीमाशंकरला, काही नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, मेणवलीलाही. भीमाशंकरच्या घंटेवर 1729 साल अजून वाचता येतं. ऐवज जुना, कोंदण नवं! त्यावर कुणी पदर तोंडाला लावल्याचं ऐकिवात नाही. उलट सहली निघतात तिथं, फोटो काढतात.

ज्याला कुणी हात लावला नाही असा वारसा बघायचा तर नालासोपाऱ्याचा. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा आत दगडी पेटीत एकात एक बसवलेले करंडे निघाले. तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सगळ्यांच्या आत सोन्याचा, शिवाय सोन्याची फुलं. इतकी शतकं कुणा सुनेची नजर पडली नाही म्हणून ते तसंच राहिलं. आज तो ऐवज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. म्हणजे शेवटी तोही लॉकरमध्येच.

आणि मोठ्या घरांचं तर बोलूच नका. बडोद्याच्या गायकवाडांइतकं मातब्बर मराठी घराणं नाही, तिथं काय झालं? महाराणी सीतादेवींनी पाचूचे आणि हिऱ्यांचे आपल्या पायातले तोडे 1953 मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याला विकले. त्यानं खडे काढले आणि त्यांचा गळ्यातला हार केला. तो घेतला कुणी, तर डचेस ऑफ विंडसरनं. ज्या बाईसाठी इंग्लंडच्या राजानं गादी सोडली, तीच ती. 1957 साली न्यूयॉर्कच्या एका मेजवानीत तो हार घालून ती मिरवत असताना सगळ्यांनी वाहवा केली, आणि सीतादेवी तिथंच होत्या. त्या म्हणाल्या, असं सांगतात, की हो ना, माझ्या पायातही हे खडे इतकेच छान दिसायचे. झालं! डचेसबाईंनी हार परत केला. अगं, पाय आणि गळा यांच्यातलं अंतर एवढंसं, पण त्यात केवढी बेअब्रू! त्याच घराण्यातला सात पदरी मोत्यांचा हार उकलून त्याचा दोन पदरी झाला, 68 मोत्यांचा, आणि 2007 मध्ये तो लिलावात 70 लाख डॉलरच्या वर गेला. सात पदरांचे दोन पदर. आपल्याकडं असतं तर उरलेल्या पाच पदरांसाठी सात नणंदा कोर्टात गेल्या असत्या.

नाशिकच्या हिऱ्याची गत त्याहून वाईट. त्र्यंबकेश्वराचा म्हणून प्रसिद्ध असलेला, पेशव्यांकडून 1818 च्या सुमारास इंग्रजांच्या हाती पडलेला. मूळचा नव्वद कॅरटच्या घरातला. आधी लंडनमध्ये पैलू पाडले, मग 1940 मध्ये याच हॅरी विन्स्टननं पुन्हा. उरले 43.38 कॅरट. तेव्हा बोळींजच्या सुनेनं नथीतले खडे पेंडंटमध्ये बसवले तर आभाळ कोसळायचं कारण नाही, असं मी हळदीकुंकवात म्हटलं. माझ्या ओटीत त्या दिवशी वाण जरा कमी पडलं.

पण खरी भानगड फोडण्यात नाहीच. खरी भानगड फोडल्यावर आत काय निघतं, त्यात आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी झाकली कोंदणंही. आणि या पोरी एकेक मूठ उघडायला निघाल्यात!

आता पारोळ रस्त्याच्या बाजूच्या एका घरची हकीगत ऐका. घराचं नाव विचारू नका, लक्षात आलंच तरी बोलू नका. तन्मणी होता. मोत्यांचे पदर, खाली पदकासारखं खोड. खोडाच्या मधोमध माणिक, करंगळीच्या नखाएवढा, रक्तासारखा लाल. त्या घरात कुणीही आलं की पहिल्यांदा माणिक बघायचं आणि मग चहा घ्यायचा. ‘बर्माचा आहे’ असं थोरल्या आत्याबाई सांगायच्या. नातीचं लग्न ठरलं आणि नात म्हणाली, मला त्या माणकाची अंगठी.

सोनाराकडे गेल्या चौघीजणी. नात, तिची आई, काकू आणि आत्याबाई. कारागिरानं खोड मेणात रोवलं आणि पोलादी सळईच्या टोकानं कोंदणाची कड हळूच उचलायला घेतली. जुन्या कोंदणात खड्याभोवती अगदी शुद्ध, मऊ सोन्याचा पत्रा दाबून दाबून बसवलेला असतो, आणि खाली लाख. पत्रा कातड्यासारखा सुटत आला. चौघी वाकून बघतायत. खडा सुटला, कारागिरानं तो फडक्यावर ठेवला. आणि काय सांगू! लाल खडा गुलाबी झाला. फिक्कट गुलाबी. सरबत पातळ केल्यासारखा. खड्याच्या पाठीमागे चांदीचा बारीक पत्रा बसवलेला होता, लाल रंग चढवलेला. सगळा लाल तो त्या पत्र्याचा. एका कोपऱ्यात पाणी जाऊन तो काळाही पडला होता.

काकू ओरडल्या, बदलला! आमच्या डोळ्यांदेखत बदलला! सोनार बिचारा हात वर करून उभा. ‘मावशी, तुम्ही चौघी माझ्या नाकावर बसलाय, मी बदलू कुठं?’ कॅमेरा दाखवला, भिंग दाखवलं. भिंगात बघून म्हणाला, काच आहे.

काच! सिंथेटिक असता तरी काही अब्रू होती. सिंथेटिक माणिक म्हणजे माणकाचाच पदार्थ, फक्त खाणीऐवजी भट्टीत बनलेला. 1902 मध्ये व्हर्नुई नावाच्या फ्रेंच माणसानं ती रीत जाहीर केली आणि पुढं असे माणिक मणांनी निघायला लागले. मनगटी घड्याळांच्या आत चाकं फिरतात तीही त्यांच्यावरच. आपल्या कितीतरी आज्यांच्या कुड्यांत आणि अंगठ्यांत जे ‘बर्मा’ म्हणून बसलेत ते बर्मा न बघता थेट युरोपच्या भट्टीतून आलेत. पारखी माणूस त्याच्यात वाकड्या गोलसर रेषा शोधतो. खाणीतल्या खड्यात त्या तशा नसतात. आणि लाज वाटून घ्यायचं कारण नाही. इंग्लंडच्या राजमुकुटात ‘ब्लॅक प्रिन्सचा माणिक’ म्हणून जो दिमाखात बसलाय, तोही माणिक नाहीच, स्पिनेल आहे. राणीला चाललं, आम्हाला न चालायला काय झालं?

पण काच ती काचच. दुकानात शांतता. तेव्हा आत्याबाई काउंटरवरची पर्स नीट करत म्हणाल्या, ‘त्याला का धारेवर धरताय? तो मीच काढलेला.’

काकू खुर्चीवर बसल्या. मग निघालं सगळं. आत्याबाई लग्न होऊनही माहेरीच राहिलेल्या, भाऊ लहान, वडील अंथरुणावर. पानवेलीची वाडी होती, विहिरीला पाणी होतं पण वर खेचायचं कशानं? पंपाचं इंजिन घ्यायचं होतं. मुंबईला जाऊन झवेरी बाजारात आईचा माणिक विकला, त्याच कोंदणात काच बसवून आणली, आणि आई मरेपर्यंत तिलाही कळू दिलं नाही. ‘इंजिन बरीच वर्षं चाललं,’ म्हणाल्या. इतकंच. आणि तोच तन्मणी घालून त्या प्रत्येक लग्नात पुढच्या रांगेत बसल्या, अख्ख्या आळीला जळवलं आणि बर्मा बर्मा करत राहिल्या! मी तर म्हणते, बर्माचा माणिक घालून कुणीही मिरवेल. काच घालून इतकं मिरवायला छाती लागते.

कोंदणं उघडली की असंच होतं. कुणाच्या वज्रटिकेत इतकी लाख निघते की तीन तोळ्यांचा दागिना वितळल्यावर दोनाच्या आसपास येतो, आणि मग सासर माहेर एकमेकांकडे बघतात. कुणाच्या पाटल्या मशीनवर ठेवल्या की कॅरट एवढा खाली येतो की सासूबाई कानांवर हात ठेवतात. त्यालाही कारण असतं. 1963 च्या जानेवारीत अर्थमंत्री मोरारजीभाई देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं आणि 14 कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी आली. सोनारांच्या चुली बंद पडल्या. पुढं 1968 मध्ये नियंत्रणाचा रीतसर कायदा झाला, तो गेला थेट 1990 मध्ये. त्या बंदीच्या दिवसांत ज्यांची लग्नं झाली त्यांच्या डब्यात 14 कॅरटची चीज निघाली तर सोनाराला शिव्या देऊ नका, सरकारला द्या.

आणि गंमत बघा. सरकारनं 14 सांगितलं तेव्हा बायकांनी बोटं मोडली. आज याच पोरी आपण होऊन 18 आणि 14 मागतात! कारण खडा पंजात बसवायचा असतो. चार बारीक नख्यांनी धरायचा, दुकानात प्राँग म्हणतात. बावीसचं सोनं मऊ, नखी वाकली की लोकलच्या गर्दीत खडा गेला. अठराचं कडक. म्हणून आजीचं बावीसचं सोनं देऊन अठराची अंगठी घेऊन येतात, आणि सासू विचारते, चार कॅरट कुठं गेले? तिला कोण सांगणार की सोन्याचं वजन वेगळं मोजून दिलंय, त्याची पावती आहे, अंगठीवर हॉलमार्कचा सहा अक्षरांचा आकडाही आहे. तिच्या दृष्टीनं चार कॅरट सुनेच्या माहेरी गेले.

वाटणीचा तमाशा तर निराळाच. मोत्याच्या कुडीत सात मोती, म्हणजे दोन कुड्यांत चौदा. नाती तीन. गिरीजच्या घरात हा हिशोब रात्री जेवण थंड होईस्तोवर चालला. चार-चार प्रत्येकीला, उरले दोन. थोरलीचं म्हणणं, मी थोरली. धाकटीचं म्हणणं, आजीची सेवा मी केली. मधली काही बोलली नाही, पण तिनं त्या मोत्यांचा फोटो काढून मैत्रिणीला पाठवला, आणि मैत्रिणीनं कळवलं की हे बसरा असतील तर जपून. मग तर कुणीच हात सोडेना! आखातातल्या त्या अस्सल मोत्यांचा बाजार 1930 नंतर जपानी कल्चर मोत्यांनी बसवला. आता खरा बसरा हाताला लागणं कठीण, आणि डोळ्यांनी तर ओळखताच येत नाही, एक्स-रे काढावा लागतो. हॉस्पिटलमध्ये कधी न गेलेले मोती एक्स-रेला गेले. अहवाल आला का म्हणून विचारलं तर तिघीही विषय बदलतात.

माझं म्हणाल तर चिंचपेटी उकला, कुड्या उकला, खोड फोडा, मला काही वाटत नाही. नथीला मात्र हात लावू नका. नथीतले मोती तारेत ओवलेले, लहान, भोक पडलेले. वर्षानुवर्षांच्या तारेनं भोकाच्या कडा झिजलेल्या. सुटे केले की त्यांची किंमत काय? किंमत सगळी त्या बाकात आहे, कारागिरानं मोत्याला मोती लावून जो डौल आणला त्यात. पेंडंट करणाऱ्या पोरीला फुकटात चार बारीक मोती आणि दोन खडे मिळाले, आणि नाक गेलं ते गेलंच. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, काकू, आता तीच नथ मी इमिटेशनची घेतलीय, नालासोपाऱ्यातून, अगदी तशीच दिसते. खरी फोडून खोटी घेतली! याला काय म्हणावं?

आणि पुरुष मागं आहेत असं समजू नका. पाडव्याच्या शोभायात्रेला फेटा बांधून फिरायचं म्हणून एका पुतण्यानं आजीच्या कुडीतले दोन मोती मागितले, भिकबाळीसाठी. आजींनी दिले, लगेच. नातीनं मागितले असते तर परंपरा आडवी आली असती.

पारोळ रस्त्याच्या त्या घरी शेवटी काय झालं ते राहिलंच. नातीला अंगठी हवी होती, ती झाली. नात म्हणाली, तीच काच बसवा. सोनार म्हणाला, अहो, 22 कॅरटमध्ये काच? आत्याबाई म्हणाल्या, बसवा, पण पंजात नको, कोंदणातच, आणि मागं नवा पत्रा घाला, लाल. बिलावर लिहिलंय, ‘खडा ग्राहकाचा’. लग्नात नातीनं अंगठी पुढं करकरून दाखवली आणि आत्याबाई शेजारी बसून म्हणत होत्या, बर्माचा आहे.

ही बातमी आळीत पसरली आणि जी धास्ती बसली म्हणता! आता जिच्या-तिच्या कोंदणाकडे सगळ्यांची नजर. कुणाच्या खोडात काच, कुणाच्या टिकेत लाख, कुणाच्या पाटल्या मोरारजींच्या, यावर पैजा लागल्यात. आणि एक बघा. ज्यांच्या माणकाचा रुबाब सगळ्यात मोठा होता, त्याच आता हळदीकुंकवात सगळ्यात मोठ्यानं सांगतात, आम्ही नाही बाई असलं काही करणार, आमच्याकडे परंपरा आहे.